भर पावसात पिकणारं उप्पगे

लहानपणापासून आमसुलांच्या सारावर वाढलेल्या माणसाला उप्पगेचं झाड बघावंसं वाटणं साहजिक आहे. कोकम आणि उप्पगे, दोन्ही गार्सिनिया वंशातली. कोकणात आणि गोव्यात कोकम, तर आणखी दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्याच्या सदाहरित जंगलात उप्पगे. केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी, कोडगूची काळी कचमपुळी आणि श्रीलंकेतलं गोरका, ही सगळी याच फळाची रूपं. पण कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये. ते फोडून, त्याच्याच रसात बुडवून अंगणात कडक उन्हात वाळवायला सवड मिळते. उप्पगे पिकतं जून ते ऑगस्टमध्ये, घाटमाथ्यावर दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा. या झाडाचं पुढचं सगळं या एका फरकातून निघतं. ते प्रत्यक्ष बघायचं म्हणून मी ऐन जुलैत सिरसी गाठली.

सिद्दापूर तालुक्यात मावीनगुंडी सोडून रस्ता होन्नावरकडे उतरायला लागला की कत्तलेकानचं जंगल सुरू होतं. भर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागले. खालच्या पाणथळीत रानजायफळाची झाडं उभी आहेत. त्यांची मुळं चिखलातून गुडघे वर काढून श्वास घेतात. या दलदली फार जुन्या आणि आता फार थोड्या उरलेल्या. त्यांच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं. उप्पगे मिळालं ते थोडं वर, उतारावर. काळपट गुळगुळीत खोड, आडव्या पसरून टोकाला झुकलेल्या फांद्या, जाड चकचकीत पानं. नर आणि मादी झाडं बहुधा वेगवेगळी असतात, त्यामुळे दोन झाडांखाली काहीच दिसलं नाही आणि तिसऱ्याखाली पिवळ्या फळांचा सडा पडलेला होता. फळ म्हणजे मुठीत मावणारा छोटा भोपळा, तशाच खोल खाचांचा. फोडलं की आत पांढरट गरात गुंडाळलेल्या बिया. गर गोडसर लागतो. साल मात्र अशी आंबट की कानशिलं ठणकतात.

मी ज्या घरी उतरलो होतो ते सुपारीच्या बागेच्या कडेला होतं. मागच्या पडवीत चूल पेटलेली आणि तिच्यावर, पुरुषभर उंचीवर, जाळी टाकून उप्पगेच्या फोडी पसरलेल्या. खाली लाकडं धुमसत होती. पहिल्या दिवशी पिवळ्या असलेल्या फोडी धुरात आधी तपकिरी झाल्या, मग काळ्या कुळकुळीत आणि चामड्यासारख्या चिवट. डोळ्यांत पाणी आणणारा तो आंबट धूर अख्ख्या घरात भरला होता. मला तो वास फार आवडला. घरच्या अज्जी दर थोड्या वेळाने उठून फोडी उलटत होत्या. मी मदतीला गेलो तर हसून म्हणाल्या, “नुसतं बसून बघ, हात भाजतील.” (त्या कन्नडमध्ये बोलत आणि सूनबाई मला हिंदीत सांगत.)

व्यापाऱ्याला हवी असते फक्त साल. पण या घरात बिया टाकून देत नाहीत, आणि मला उप्पगेचा खरा मान तिथेच दिसला. बिया धुऊन वाळवतात, कुटतात आणि पाण्यात उकळतात. चरबी वर तरंगते, ती निथळून घेतली की थंड होऊन घट्ट बसते. हे उप्पगे तुप्पा. आपल्याकडे कोकमाच्या बियांचं मुठेल जवळजवळ असंच करतात, पण ते आपण बहुतेक वेळा टाचांच्या भेगांना लावतो. इथे हे तूप स्वयंपाकात वापरतात. गरम भातावर घातलं की क्षणात वितळतं आणि त्याला एक मंद, किंचित तुरट चव असते. दुधाचं तूप सगळ्यांना परवडत नव्हतं त्या काळात कितीतरी घरांचं जेवण जंगलातल्या या बियांनी स्निग्ध केलं असेल, हा विचार जेवताना मनातून जात नव्हता.

सालीचे उपयोगही काही थोडे नाहीत. किनाऱ्यावर पूर्वी बांगडा मिठात आणि या सालीसोबत मुरवून टिकवत आणि कोलंबोला पाठवत. आंबटपणामुळे मासा नासत नसे. संधिवातावर आणि पोटाच्या तक्रारींवर सालीचा काढा देत. जनावरांच्या तोंडाच्या दुखण्यात त्याच काढ्याने तोंड धूत. सोन्याचांदीला उजळा द्यायला आणि रबराचा चीक गोठवायलाही ही साल चालते. हे सगळं तिच्यातल्या आम्लाचं काम. ते आम्ल कोणतं हे 1965 साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकांतन यांनी दाखवलं: हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल.

त्या शोधाचं पुढे जे झालं ते मला अस्वस्थ करतं. 1990च्या दशकात पाश्चात्त्य देशांत वजन घटवण्याच्या कॅप्सूलमध्ये हे आम्ल भरलं जाऊ लागलं आणि सह्याद्रीतल्या या रानफळाला एकाएकी भाव आला. 1998 साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 135 जणांवरची 12 आठवड्यांची चाचणी छापून आली. कॅप्सूल घेणाऱ्यांचं वजन खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी झालंच नव्हतं. पुढे अशा पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आल्या. तरी मागणी थांबली नाही. पिकून पडायची वाट न बघता हिरवी फळं ओरबाडणं, उंच झाडाच्या फांद्याच छाटून खाली आणणं, असले प्रकार जंगलात सुरू झाले. त्यात वाळवायला ऊन नाही, म्हणजे फळांच्या मागोमाग चुलीसाठी लाकूडही जंगलातूनच जाणार. आमसुलाला ही किंमत मोजावी लागत नाही.

आणि फळावर हक्क फक्त माणसांचा नाही. सिंहपुच्छ वानरांचे कळप याच जंगलात राहतात. त्यांच्यासाठी 2011 मध्ये अघनाशिनीच्या खोऱ्यात संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. उप्पगे त्यांच्याही खाण्यातलं फळ आहे. परतताना मला त्यातला एक कळप दिसला, रस्त्यापासून बराच आत आणि उंच. पावसात भिजलेली ती काळी माकडं, तोंडाभोवती पांढरी आयाळ. दुर्बीण पुसेपर्यंत ती पुढच्या झाडांवर गेली होती.

उपाय नाहीत असं नाही. कमी लाकडात जास्त फोडी वाळवणाऱ्या सुधारित भट्ट्या काही गावांत आल्या आहेत. मादी झाडाची कलमं बांधून ती सुपारीच्या बागेत लावता येतात. बीपासून वाढवलेलं झाड फळायला दहाएक वर्षं घेतं आणि शेवटी नर निघालं तर सगळी वाट बघणं वाया जातं. कलम काही वर्षांतच फळतं आणि हाताच्या उंचीवर फळतं. माझ्या यजमानांच्या बागेत अशी कलमं होती. फळं वेचायला फांदीला धक्काही लावावा लागत नव्हता. हे मला सगळ्यात पटलं.

जायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच जा. जळवांसाठी मोजे आणि तंबाखूचं पाणी सोबत ठेवा. जंगलातली फळं स्वतः गोळा करू नका, ती वेचण्याचा हक्क तिथल्या लोकांचा आहे. साल घ्यायची तर ज्यांनी ती वाळवली त्यांच्याकडूनच घ्या, आणि उप्पगे तुप्पा आहे का हेही विचारा. बहुतेक घरं ते विकायला करत नाहीत, पण मागितलं तर जेवताना पानात नक्की वाढतील.