आमिश किती, मेनोनाइट किती: आकडे कसे वाचावेत

आमिश आणि मेनोनाइट हे एकाच परंपरेतले दोन ख्रिस्ती पंथ; आमिश मोटारीऐवजी घोडागाडी वापरून जुन्या पद्धतीने राहण्यासाठी ओळखले जातात. आमिश 4 लाख आणि मेनोनाइट 21 लाख, म्हणून एकूण 25 लाख, अशी बेरीज बऱ्याच लेखांत दिसते. ती चुकीची आहे. आमिशांच्या गणतीत पाळण्यातलं मूलही धरतात. 21 लाखांत मात्र फक्त बाप्तिस्मा घेतलेले सभासद असतात आणि या पंथात बाप्तिस्मा जाणत्या वयातच होतो. शिवाय तो आकडा सगळ्या अ‍ॅनाबाप्टिस्ट चर्चचा, म्हणजे जाणत्या वयात बाप्तिस्मा देणाऱ्या या परंपरेतल्या सगळ्या पंथांचा मिळून आहे. प्रौढ आमिश त्यात आधीच आलेले असतात.

अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारत नाहीत. म्हणून एलिझाबेथटाउन कॉलेजचं यंग सेंटर दरवर्षी आमिशांचा अंदाज काढतं. त्याचा पाया म्हणजे चर्च डिस्ट्रिक्ट, एकत्र प्रार्थना करणाऱ्या कुटुंबांचा गट. आमिशांची प्रार्थना एक रविवार सोडून कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात भरते. तिथे माणसं मावेनाशी झाली की डिस्ट्रिक्टचे दोन करतात, त्यामुळे एकात साधारण 25 ते 40 कुटुंबंच राहतात. डिस्ट्रिक्टांची संख्या गुणिले सरासरी माणसं, की वस्तीचा आकडा मिळाला. गडबड होते ती सरासरीत: चार-सहा कुटुंबांच्या नव्या वस्तीला पेनसिल्व्हेनियातल्या लँकॅस्टरसारख्या मोठ्या वस्तीची सरासरी लावली तर आकडा भलताच फुगतो.

त्या 4 लाखांतले सुमारे 60 टक्के पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियानात आहेत. लँकॅस्टर काउंटीच्या परिसरात 40 हजारांहून जास्त, ओहायोत होम्स काउंटीभोवती त्याहून थोडे कमी, मग इंडियानातलं एल्कहार्ट-लाग्रेंज. साधारण 20 वर्षांत संख्या दुप्पट होते. बाहेरून येणारे अगदी मोजके; वाढ होते ती घरटी पाच-सहा मुलांमुळे आणि त्यातली बहुतेक मोठेपणी चर्चमध्येच राहतात म्हणून. लँकॅस्टरची जमीन परवडेनाशी झाल्यावर तरुण कुटुंबं न्यूयॉर्क, केंटकी, विस्कॉन्सिनकडे सरकतात. युरोपात, जिथे 1693 मध्ये हा पंथ फुटून निघाला, तिथे आता एकही आमिश मंडळी (स्थानिक चर्च) नाही. जर्मनीतली इक्सहाइमची शेवटची मंडळी 1937 मध्ये मेनोनाइटांत विलीन झाली.

घोडागाडी दिसली की आमिश, असंही समजू नये. लँकॅस्टरमध्ये करडी बग्गी आमिशांची, काळी जुन्या चालीरीती पाळणाऱ्या ओल्ड ऑर्डर मेनोनाइटांची. उलट बीची आमिश या शाखेचे लोक मोटारी चालवतात आणि वरच्या 4 लाखांत ते धरलेले नाहीत.

जगातले बहुसंख्य मेनोनाइट मात्र घोडागाडीसारखं काहीच पाळत नाहीत. इथिओपियातलं मेसेरेते क्रिस्टोस हे त्यांच्या सगळ्यात मोठ्या चर्चपैकी एक आहे. आपल्याकडे छत्तीसगडमधल्या धमतरीत 1899 मध्ये दुष्काळाच्या काळात मेनोनाइट मिशन आलं. तेलंगणात महबूबनगरच्या बाजूला मेनोनाइट ब्रदरन या शाखेच्या मंडळ्या आहेत. हे सगळे इथलेच लोक, इथल्याच भाषा बोलणारे.

मेक्सिकोतल्या क्वाउतेमोकजवळच्या आणि बोलिव्हियात सांता क्रूझभोवतीच्या मेनोनाइट वसाहती वेगळ्या. तिथे प्लाउटडीच ही जर्मनची एक बोली बोलतात, शेती करतात. त्यांचे आकडे बहुधा मुलांसकट दिलेले असतात, तेव्हा ते चर्चच्या सभासदसंख्येशी थेट ताडू नयेत.