सून फक्त औषध न्यायला आली होती

थंडी पडली की दवाखान्यात सकाळपासून खोकल्याचेच आवाज. कोरडा, ओला, घशातून येणारा, छातीतून येणारा. इतक्या वर्षांत एवढं जमलंय की आतल्या खोलीत बसून, नुसतं ऐकून, बाकावरच्यांपैकी कुणाला आधी आत घ्यायचं हे बऱ्यापैकी ठरवता येतं. त्या दिवशी मात्र सगळ्यात जास्त आजारी माणूस बाकावर नव्हताच. तो घरी अंथरुणात होता.

सकाळ नेहमीसारखीच गेली. एक तरुण मुलगा आला. पाच दिवसांची सर्दी, घसा बसलेला, आणि आल्या आल्या म्हणाला, "डॉक्टर, बेडका हिरवा पडतोय. आता अँटिबायोटिक लागेलच ना?" हा प्रश्न हिवाळ्यात रोज येतो. कफाचा हिरवटपणा आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. विषाणूशी लढायला त्या गोळा होतात आणि त्यांच्यातलं एक विकर (एन्झाइम) मुळातच हिरव्या रंगाचं असतं. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी कफ घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो, त्यासाठी जिवाणूच असायला हवेत असं नाही. मी त्याची छाती तपासली, ती स्वच्छ होती. ताप नव्हता, श्वास शांत होता. त्याला पॅरासिटामॉल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, नाकात सलाईनचे थेंब आणि विश्रांती सांगितली. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळू शकतो, हे मुद्दाम सांगितलं. लोकांना वाटतं आठवड्यात खोकला गेला नाही म्हणजे औषध चुकलं. मग दुसरा डॉक्टर, दुसरं अँटिबायोटिक, आणि तेवढ्यात खोकला आपल्या वेळेने थांबतो नि श्रेय त्या गोळीला जातं.

त्याच्यानंतर सात महिन्यांची गरोदर बाई. तिला विचारलं कधीपासून बरं नाही, तर म्हणाली, "काल दुपारी साडेतीनपासून." फ्लूचं हे लक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. सर्दी हळूहळू चढते. आधी घसा खवखवतो, मग शिंका, मग नाक चोंदतं, आणि नक्की कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. फ्लूचा माणूस बऱ्याचदा वेळ सांगतो. एकदम थंडी वाजून ताप, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, उठून पाणी घ्यायचंही त्राण राहत नाही. गरोदरपणात फ्लू जोरात उलटू शकतो, म्हणून तपासणीच्या निकालाची वाट न बघता तिला फ्लूच्या विषाणूवरचं औषध, ओसेल्टामिविर, लगेच सुरू केलं. हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. तिने ते तास वाया घालवले नाहीत, याचं फार बरं वाटलं.

साडेबाराच्या सुमारास एक बाई दारातूनच म्हणाल्या, "डॉक्टर, बाबांना मागच्या वेळचंच औषध लिहून द्या ना. सर्दीच आहे."

सासऱ्यांना त्या बाबा म्हणायच्या. मीही त्यांना ओळखत होते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, सडपातळ, रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत.

"त्यांना का नाही आणलंत, ताई?"

"झोपलेत हो. सर्दीच्या गोळीने गुंगी येते त्यांना. आणि तापही नाहीये."

"किती दिवस झाले?"

"नऊ-दहा. पहिले दोन दिवस एकदम झोपूनच होते, अंग फार दुखत होतं. मग मधे चांगले बरे झाले, बाहेर चक्करही मारून आले. परवापासून परत सुरू झालंय."

मी पेन खाली ठेवलं. मधे बरे झाले होते, हे चार शब्द मला घाबरवतात. साधी सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते आणि मग उतरत जाते. नाक मोकळं होतं, भूक लागते, खोकला तेवढा मागे राहतो. उतरणीला लागलेला आजार उलटून पुन्हा वर चढत असेल तर त्याला सर्दी म्हणून सोडून देता येत नाही. फ्लूचा विषाणू श्वासनलिकांचं आतलं अस्तर सोलून टाकतो. कफ वर ढकलणारे तिथले सूक्ष्म केस निकामी होतात. एरवी नाकाघशात निमूट राहणारे न्यूमोकोकससारखे जिवाणू मग खाली फुप्फुसात उतरतात. १९१८च्या साथीत जी माणसं दगावली, त्यातल्या बहुसंख्यांचा मृत्यू फ्लूनंतरच्या अशा जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाला, हे त्या वेळच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून पुढे दिसून आलं. तेव्हा अँटिबायोटिकं नव्हती.

"जेवतायत का? नीट बोलतायत?"

ताई जरा थांबल्या. "जेवण नाहीच. आणि काल रात्री मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. म्हटलं झोपेत असतील."

"आत्ता घेऊन या. आणि घरात ते जी जी औषधं घेतायत ती सगळी पिशवीत घालून आणा, रिकामी पाकिटंसुद्धा."

मुलाच्या खांद्याचा आधार घेत बाबा आले. खुर्चीत बसले ते पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून. "कसं वाटतंय, बाबा?" म्हटल्यावर "बरंय" म्हणाले, पण "बरंय" आणि पुढच्या शब्दाच्या मधे त्यांना श्वास घ्यावा लागला. मी नाडी बघते आहे असं दाखवून त्यांचं मनगट धरलं आणि छातीकडे बघत श्वास मोजले. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस नकळत तो बदलतो, म्हणून हे असं करावं लागतं. आणि पूर्ण मिनिटभर मोजावं लागतं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर आकडा सहज चुकतो. बत्तीस भरले. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे बारा ते वीसच्या आसपास असतात.

ऑक्सिमीटरला बोट गार लागत होतं. ते चोळून गरम केल्यावर ऑक्सिजनचा आकडा स्थिर झाला, ८८ टक्के, म्हणजे कमी. पाठीवर उजवीकडे खाली स्टेथोस्कोप ठेवला तर श्वास आत घेताना कानाजवळ केस चोळल्यासारखी बारीक कुरकुर ऐकू आली. रक्तदाब ११० वर ७०. आज कोणता वार विचारलं तर त्यांनी सुनेकडे पाहिलं.

न्यूमोनियाचा संशय असला की दवाखान्यात बसून करता येईल असा एक हिशोब आहे. नव्याने आलेला गोंधळ, मिनिटाला तीस किंवा जास्त श्वास, खाली गेलेला रक्तदाब आणि पासष्ट किंवा जास्त वय, प्रत्येकाचा एक गुण. तीन किंवा चार गुण झाले तर वेळ न घालवता रुग्णालयात. बाबांचे तीन झाले होते. दवाखान्यातला ऑक्सिजन लावला, रुग्णवाहिका बोलावली आणि रुग्णालयात फोन करून सगळं सांगितलं.

थर्मामीटर दाखवत होता ९९. मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण ताप नाहीये, डॉक्टर." रुग्णवाहिका येईपर्यंत मी ती पिशवी टेबलावर रिकामी केली.

सर्दीच्या गोळ्यांची एक पट्टी, दिवसातून तीनदा. प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, शिवाय शिंका आणि वाहतं नाक थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन आणि नाक मोकळं करण्यासाठी फेनिलेफ्रिन. अंगदुखीच्या गोळ्यांची दुसरी पट्टी, ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, तीही तीनदा. नाक मोकळं करायचे थेंब, पहिल्या दिवसापासून चालू. आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी आजारातून उरलेली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी, त्यातल्या दोन कॅप्सूल कमी.

केसपेपरच्या मागे मी मुलासमोर बेरीज मांडली. ५०० तिनदा म्हणजे १५००. ६५० तिनदा म्हणजे १९५०. एकूण ३४५० मिलिग्रॅम. धडधाकट माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. सडपातळ, वयस्कर आणि पोटात काहीच जात नसलेल्या माणसाला ती खालीच ठेवावी लागते, नाहीतर यकृताला धोका.

"पण दोन्हींची नावं वेगळी आहेत," तो म्हणाला.

"नावं वेगळी, आतलं औषध तेच. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायचं."

ताप का दिसत नव्हता, याचंही उत्तर त्या बेरजेत होतं. उतारवयात शरीर तसंही ताप जोरात चढवत नाही, त्यात चोवीस तास ताप उतरवणारं औषध पोटात. थर्मामीटरवर विसंबण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरच्यांनी ग्लानीचा दोष सर्दीच्या गोळीला दिला होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. क्लोरफेनिरामिनने म्हाताऱ्या माणसांना गुंगी येते, गोंधळही उडतो, लघवी अडते. म्हणूनच घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. पण त्या गोळीने श्वास मिनिटाला बत्तीसवर जात नाही. नाकाच्या थेंबांबद्दल एवढंच सांगितलं की ते तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे वापरले तर त्यांच्यामुळेच नाक चोंदत राहतं.

रुग्णवाहिका निघताना मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सुरुवातीलाच अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स दिला असता तर हे टळलं असतं का?"

मला हा प्रश्न फार प्रामाणिक वाटला, म्हणून घाई असूनही नीट उत्तर दिलं. पहिल्या दिवसांत जो आजार होता तो विषाणूचा. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. लढायला काही नसताना ते घेतलं की शरीरातले एरवी निरुपद्रवी असणारे जिवाणू मरतात, आणि जे तग धरतात ते त्या औषधाला दाद न देणारे असतात. पुढे न्यूमोनिया झालाच तर गाठ अशाच जिवाणूंशी पडू शकते. त्या दोन कॅप्सूलींनी तर बरं करण्याइतकंही काम केलं नव्हतं. सकाळच्या मुलाला मी जे नाकारलं तेच औषध आता बाबांना शिरेतून, तातडीने मिळायला हवं होतं, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते. खरा फायदा दोन गोष्टींनी झाला असता. एक म्हणजे फ्लूची लस. आणि दुसरी, पहिल्याच दिवशी आडवं पाडणारा तो एकदम आलेला आजार सर्दी नाही हे ओळखून ४८ तासांच्या आत दाखवणं. या वयात ओसेल्टामिविरचा विचार तेव्हाच करता आला असता.

संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया, घशाच्या नमुन्यात इन्फ्लुएंझा ए, म्हणजे फ्लूचाच विषाणू. यकृताच्या तपासण्या ठीक. अँटिबायोटिक सुरू होतं आणि सोबत ओसेल्टामिविरही. ४८ तास उलटून गेले होते, पण दाखल करण्याइतका आजारी रुग्ण असेल तर उशिरा का होईना, ते देतात.

त्या संध्याकाळी मी आलेल्या प्रत्येकाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजले. एका आईला तिच्या आठ महिन्यांच्या बाळाचा शर्ट वर करून, पोट वरखाली होताना कसं मोजायचं ते दाखवलं. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना मोजायचं, रडताना नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले तर रात्र असो की सुट्टी, डॉक्टरकडे जायचं. फासळ्यांखाली खड्डे पडत असतील, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर मोजतही बसायचं नाही. तिच्या बाळाचे अडतीस भरले. तिने खोकल्याचं सिरप मागितलं, ते मी दिलं नाही. इतक्या लहान बाळांना त्याचा फायदा नाही, अपाय मात्र होऊ शकतो. मधाचं चाटण द्यावं का विचारलं, तर वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही म्हणून सांगितलं, कारण त्यातून बोट्युलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराची भीती असते. वर्षानंतर मात्र रात्रीच्या खोकल्याला मध खरंच आराम देतो. ॲस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीच नाही. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं मुलासमोर धरून वाफ देणं मी ठामपणे बंद करायला सांगते. भाजलेली मुलं पाहिल्यावर त्या वाफेचं कौतुक राहत नाही.

बाबा घरी आले, त्यानंतर थोड्या दिवसांनी ताई दवाखान्यात आल्या, काळजीतच. ऑक्सिजन ठीक आहे, जेवायला लागलेत, माणसं ओळखतायत, पण खोकला आहेच आणि जिना चढला की बसावं लागतं. मी सांगितलं, न्यूमोनियानंतर असंच असतं. खोकला आणि धाप बऱ्यापैकी कमी व्हायला सहा आठवडे लागतात, थकवा तीन महिनेही राहू शकतो. पण मधे पुन्हा ताप आला, श्वास वाढला, कफातून रक्त आलं तर थांबू नका.

मग त्यांनी स्वतःच विचारलं, "लस कधी द्यायची? आणि फक्त त्यांनाच का आम्हालाही?"

फ्लूची सगळ्यांना, दर वर्षी, कारण विषाणू बदलत राहतो आणि लसही त्याप्रमाणे बदलावी लागते. साथ सुरू होण्याआधी घ्यायची, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. बाबांना त्याशिवाय न्यूमोकोकसची वेगळी. घरातल्या लहान मुलांनाही फ्लूची, कारण मुलं हा विषाणू भरपूर पसरवतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देता येत नाही, त्याचं संरक्षण आजूबाजूच्यांनी लस घेण्यावरच अवलंबून असतं. ताईंनी घरातल्या पाचही जणांची नावं तिथेच नोंदवली.