अण्णांच्या सीडी प्लेयरची लेन्स

सोलापुरात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, चालू होता त्याच आठवड्यात अण्णांचा सीडी प्लेयर गेला. एकदम गेला असं नाही. आधी एखाद्या अभंगात मधेच अडखळायचा, मग मागची ओळ पुन्हा म्हणायचा, आणि शेवटी सीडी आत घेऊन थोडा वेळ खर्रखर्र करून काचेवर 'नो डिस्क' लिहून गप्प बसायचा. सीडी आपण आपल्या हातानं घातलेली, आणि हा म्हणतो आत काहीच नाही. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच दिवाळीत झालेलं. ते म्हणाले, "याला पण झालाय बघ. डोळा बदल याचा."

निदान बरोबर निघालं. पण तिथवर पोचायला मला दीड महिना आणि एक चुकीचा मेकॅनिक लागला.

यंत्र १९९७ सालचं. सीडी, दोन कॅसेट आणि रेडिओ एकत्र असलेली ती मोठी सिस्टीम. आणली तेव्हा मी अण्णांना समजावून सांगितलं होतं, की सीडीत रेघ नसते, खड्डे आणि सपाट जागा असतात, आणि लेझर ते वाचतो. अण्णांनी आयुष्यभर जेकार्ड मागाची कार्डं पाडलेली. चादरीवरचं प्रत्येक फूल आधी पुठ्ठ्यावरच्या भोकांत असतं, भोक असेल तो धागा वर उचलला जातो. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे आपली कार्डंच की." याहून चांगलं मला आजही सांगता येत नाही. फरक एवढाच, की सीडीवरच्या दोन ओळींत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा चाळीसएक ओळी मावतात.

आधी मी यंत्र एका मेकॅनिककडे टाकलं. चार दिवसांनी दोनशे रुपये देऊन आणलं, झकास वाजत होतं. तीन आठवडे वाजलं आणि पुन्हा 'नो डिस्क'. मग मात्र मी स्वतःच झाकण उघडलं. लेन्स आणि लेझर ज्या एका भागात असतात त्याला पिकअप म्हणतात. लेन्सच्या शेजारी, पिकअपच्या अंगावरच, ज्वारीच्या दाण्याएवढा एक प्रीसेट, म्हणजे पेचकसानं कमी-जास्त करायचा रेझिस्टर, असतो. त्याच्या खाचेवर पेचकसाचा ताजा ओरखडा होता.

ही युक्ती जुनी आहे. लेझर डायोड म्हातारा झाला की तेवढाच उजेड पाडायला त्याला जास्त करंट लागतो. तो प्रीसेट फिरवला की उजेड वाढतो, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, आणि डायोड उरलेलं आयुष्य महिन्याभरात जाळून टाकतो. माझ्या यंत्रात लेझरच्या वाटेवर २२ ओहमचा रेझिस्टर आहे. त्याच्या दोन टोकांना मीटर लावला तर १.९ व्होल्ट. भागाकार केला की ८६ मिलिअँपिअर येतात. या जातीचे पिकअप साधारण ४० ते ६० वर सुखानं चालतात. त्या मेकॅनिकशी भांडायला गेलो नाही. लेझर तसाही जाणारच होता, पण दोनशे रुपये घेऊन त्याला वर ढकलायची गरज नव्हती.

पिकअपवर नंबर होता, केएसएस-२१३. या एका पिकअपवर किती कंपन्यांची किती यंत्रं चालली याला गणती नाही. नवी पेठेत एका दुकानात विचारलं, तर दुकानदार हसला. "काय वो सर, व्हीसीडीच्या टायमाला ह्या लेन्सा खोक्यानं विकल्या. आता कोण विचारतंय?" तरी शिडी लावून वरच्या फळीवरून एक काढून दिली. मोटरसकट अख्खी गाडी पण मिळते म्हणाला. मी नको म्हटलं. माझी मोटर ठीक होती, आणि स्वस्तातल्या गाडीत सीडी ठेवायची चकती मोटरवर किती उंचीला बसवलीय याचा भरवसा नसतो. ती अर्धा मिलिमीटर वरखाली असली तरी नव्या लेन्सला आयुष्यभर मान वाकडी करून वाचावं लागतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कामाला बसलो. अंगात टेरिकॉटचा शर्ट होता, तो काढून बनियनवर बसलो, कारण आपल्याकडची कोरडी हवा, आणि अंगातल्या स्थिर विजेची एक ठिणगी लेझर डायोडला पुरते. मधून मधून नळाला हात लावत होतो. बायकोला वाटलं उकडतंय म्हणून.

जुना पिकअप काढायला फार काही लागत नाही. तो एका पोलादी दांडीवर मागेपुढे सरकतो. दांडीच्या टोकाची खिटी दाबली की दांडी बाहेर येते आणि पिकअप हातात. पट्टीसारखी चपटी केबल तेवढी कनेक्टरचं कुलूप उघडून सोडवायची. हातात घेऊन उजेडात धरला तर त्या लेन्सचं नवल वाटतं. शेंगदाण्याच्या पाकळीएवढा भिंगाचा तुकडा, चार बारीक तारांवर अधांतरी टांगलेला. सीडी कितीही हेलकावली तरी दोन कॉइल त्याला वर-खाली आणि डावी-उजवीकडे ओढून ओळीवर धरून ठेवतात. आमच्या भिंगावर राखाडी थर होता. साखर पेठेत घर, तीन घरं सोडून लूम. सुताची तूस इथं घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसते, सीडी प्लेयर कसा सुटेल.

नवा बसवला, केबल खोचली, चालू केला. लेन्स वर-खाली, वर-खाली, दोन-तीनदा नमस्कार घातल्यासारखी हलली आणि काचेवर 'नो डिस्क'.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. सीडी न घालता बाजूनं बघितलं तर लेन्समधली लाल ठिणगी दिसेना. (हे बघताना हातभर लांबून, तिरकं बघायचं. लेन्सवर डोळा लावून कधीच नाही. लेझर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्यच. डोळ्याला मंद लाल टिंब दिसतं म्हणून तो दुबळा आहे असं समजू नये.) मोबाईलच्या कॅमेऱ्यातूनही अंधार. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली. डुप्लिकेट माल गळ्यात मारला, वरच्या फळीवरचं भंगार दिलं, वगैरे. भाच्याला फोन केला, तो असली कामं करतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, टाका काढला का?"

कसला टाका?

नव्या पिकअपवर कारखान्यातच दोन बारीक पॅड सोल्डरच्या थेंबानं जोडलेले असतात. वाटेत कुणाच्या बोटातली वीज लागून डायोड मरू नये म्हणून त्याचे पाय एकत्र बांधलेले. केबल जोडून झाल्यावर तो थेंब काढायचा, मगच वीज द्यायची. मी बांधलेल्या पायांनी त्याला पळायला लावत होतो. दिवसभर शिव्या खाल्लेला दुकानदार बिचारा निर्दोष. भिंग लावून शोधलं तर हिरव्या पट्टीच्या कडेला मोहरीएवढा चकचकीत ठिपका होताच. साधी बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न तापवून तिचा प्लग काढला, आणि तांब्याच्या जाळीनं तो ठिपका एका श्वासात टिपून घेतला. क्रम मात्र लक्षात ठेवा: काढताना उलटं, आधी पॅड जोडायचे, मग केबल ओढायची.

या वेळी लाल टिंब दिसलं. सीडी फिरली, काचेवर गाण्यांची संख्या आली. रेझिस्टरवर १.१ व्होल्ट, म्हणजे ५० मिलिअँपिअर. अण्णा आतल्या खोलीतून उठून आले आणि न बोलता खुर्चीत बसले.

आठव्या गाण्यापर्यंत बसले. आठव्यात पुन्हा अडखळ.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटची गाणी कडेला असतात. आतली बरोबर आणि कडेची बिघडलेली, म्हटल्यावर मला पहिली शंका प्रीसेटची आली. माझ्या यंत्रात मुख्य बोर्डावर चार आहेत, दोन फोकसचे, दोन ट्रॅकिंगचे, म्हणजे लेन्स ओळीवर धरून ठेवण्याचे. हात शिवशिवत होते. पण भाच्यानं बजावलं होतं, की ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र, असल्याशिवाय एकाही प्रीसेटला हात लावायचा नाही, आणि पिकअपवरच्या त्या पाचव्याला तर स्कोप असला तरी नाही. म्हणून पेचकस खाली ठेवला आणि सीडी न घालता पिकअप बोटानं गियर फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. तीन चतुर्थांश वाटेवर जड लागला. दात्यांच्या पट्टीत, वाळून गोंद झालेल्या जुन्या ग्रीसमध्ये, निळ्या सुताचा बोटाच्या पेराएवढा तुकडा रुतलेला. चिमट्यानं ओढला तर अख्खा निघाला. दांडी आणि दाते पुसून ग्रीसचं बोट लावलं आणि आठवं गाणं सरळ गेलं. फोकस बायस, म्हणजे फोकस नेमका कुठे धरायचा ते ठरवणारा प्रीसेट, फिरवून बसलो असतो तर काय झालं असतं, ही कल्पना करत नाही.

तरीही भाचा पुढच्या रविवारी ऑसिलोस्कोप घेऊन आलाच, कारण पिकअप बदलला की एकदा तरी बघावं. आरएफच्या, म्हणजे पिकअपनं वाचलेल्या कच्च्या सिग्नलच्या, टेस्ट पॉइंटला प्रोब लावला. पडद्यावर एकावर एक चढलेल्या लाटांची जाळी, आणि मधे पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची रिकामी घरं. आई मागून बघत होती, म्हणाली, "शंकरपाळ्या." त्याला खरं तर डोळ्याचा पॅटर्न म्हणतात, पण आमच्यात आता शंकरपाळीच रूढ झालं. सीडीवरचे खड्डे नऊ वेगवेगळ्या लांबीचे असतात, सगळे एकाच ठिकाणी रेघ ओलांडतात तेव्हा मधली घरं स्वच्छ दिसतात. फोकस नेमका नसला की कडा पिसारतात. आमच्या कडा पिसारल्या होत्या, उंची ०.८ व्होल्ट.

भाच्यानं आधी चारही प्रीसेटचे फोटो काढले, प्रत्येकाचा ओहम वहीत लिहिला, आणि मग प्लॅस्टिकच्या पेचकसानं फोकस बायस केसभर हलवला. केसभर म्हणजे घड्याळाच्या काट्याचं एक मिनिट. जाळी आवळत गेली, शंकरपाळ्या धारदार झाल्या, १.१ व्होल्टवर उंची थांबली. आणखी फिरवला तर परत पिसारल्या, तेवढंच मागे घेतला. मग ट्रॅकिंगचा बॅलन्स: गाणी पुढे उडवताना जी लाट दिसते ती शून्याच्या वर आणि खाली सारखी भरली पाहिजे. ती जवळपास होतीच. उरलेल्या दोघांना, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या गेनच्या प्रीसेटना, त्यानं हातही लावला नाही. "वाजतंय ना? मग राहू दे." परीक्षेला आम्ही घरातली सगळ्यात ओरखडलेली सीडी लावली आणि वरून टेबलावर बुक्की मारली. एकदा उडाली, सावरली.

अण्णांनी तेवढ्यात एकच तक्रार केली, की आवाज आधीपेक्षा चांगला झाला नाही. मी सांगितलं, होणारही नाही. वाचलं तर पूर्ण वाचलं, नाही तर अडखळलं, असाच तो प्रकार आहे. ते त्यांना पटलं नाही. दोनशे रुपयांत मेकॅनिकनं जास्त खुलवला होता म्हणाले.

जुना पिकअप डबीत ठेवलाय. आणि ट्रे उघडताना आतला रबरी पट्टा घसरतो, तो बदलायचा राहिलाय. तोवर अण्णा बटण दाबून ट्रेला बोटानं जरासं बाहेर ओढतात.