बार झाल्यावर हरीण काय सांगतं

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे. हे लिहितोय ते अमेरिकेत परवाना काढून रायफलने व्हाइटटेल हरणाची शिकार करणाऱ्यांसाठी.

हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरा. थोडं पाठमोरं तिरकं असेल तर गोळी पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने जाईल असा कोन साधा. तोंड तुमच्याकडे असेल तर थांबा. डोक्यावर नेम धरूच नये; जबडा फुटलेलं जनावर उपासमारीने हाल होऊन मरतं.

बारानंतर नजर हटवू नका. मागचे पाय झाडून सुसाट पळालं, तर बहुधा हृदयाला किंवा फुफ्फुसाला लागलंय. तरी ते शंभरेक मीटर जाऊ शकतं. पाठ वाकवून, अंग चोरून संथ चालू लागलं, तर पोटाला. जागीच कोसळलं तरी दुसरी गोळी तयार हवीच, कारण मणक्याच्या वरच्या काट्याला नुसता धक्का बसलेलं हरीण थोड्या वेळात उठून निघून जातं.

मग रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस: माग काढायला निघण्याआधी अर्धा तास थांबा. गडद तांबडं म्हणजे यकृत, चार ते सहा तास. हिरवट, चोथा मिसळलेलं, घाण वासाचं असेल तर आतडी: आठ-बारा तास. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पोटाला लागलेलं हरीण जवळच कुठेतरी बसतं; घाईने उठवलंत तर लांबवर जातं आणि मागे रक्ताचा थेंबही सापडत नाही.