आमची वाटचाल: बाळाच्या दुधाच्या वेळेभोवती उभे राहिलेले काम

तान्ह्या बाळांचे दूध पिणे, पुढे वरचे अन्न खाणे आणि या दोन्हींबरोबर होणारी त्यांची वाढ, एवढ्यापुरतेच आमचे ऑक्युपेशनल थेरपीचे, म्हणजे रोजच्या क्रिया जमाव्यात म्हणून मदत करणाऱ्या उपचारांचे, केंद्र काम करते. जन्मापासून ते बाळ आपल्या हाताने घास तोंडात घालून चार पावले टाकू लागेपर्यंतचा काळ आम्ही आमचा मानतो. त्याहून मोठी मुले आली तर त्यांना जाणकार सहकाऱ्यांकडे पाठवतो. इतके मर्यादित क्षेत्र धरून केंद्राचा खर्च निघेल का, असे अनेक हितचिंतकांनी सुरुवातीला विचारले होते, आणि तो प्रश्न रास्तच होता.

केंद्र सुरू होण्यापूर्वी मी एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात काम करत असे. अपुऱ्या दिवसांच्या, म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला घरी सोडताना त्याचा श्वास, शरीराचे तापमान आणि वजन स्थिरावले आहे का, तसेच त्याला पुरेसे दूध तोंडाने पिता येते का, हे पाहिले जाते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भावस्थेच्या साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. तो पक्का व्हायला त्यापुढेही काही आठवडे जातात. त्यामुळे विभागात अनुभवी परिचारिकेच्या हातून नीट पिणारे बाळ घरी गेल्यावर ठसके खाऊ लागते, अर्ध्यावरच झोपी जाते किंवा तासभर पिऊनही भुकेलेच राहते, असे वारंवार घडते. वजन थोडे थोडे वाढत असेल तर डॉक्टर ‘वाट पाहू’ म्हणतात आणि वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यही असते. मात्र दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा पाजायचे आणि प्रत्येक वेळी धास्तावायचे, यात घरातल्यांचा सारा दिवस जातो. थेरपीकडे अशी बाळे येतात ती पुष्कळ महिन्यांनी, मान धरली नाही किंवा बसत नाही म्हणून. या मधल्या काळासाठी कोणीतरी असायला हवे, या एकाच विचारातून केंद्र निघाले.

सुरुवातीला जागा नव्हती, म्हणून आम्ही घरोघरी जात असू. सोबतच्या पिशवीत एक चटई, दोन-तीन टॉवेल, वेगवेगळ्या प्रवाहाची निपले, काही खुळखुळे आणि बाळांचा वजनकाटा एवढेच असायचे. सर्वांत जास्त पैसे त्या काट्यावर खर्च झाले, कारण पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर त्याच कपड्यांत बाळाचे वजन करून पोटात किती दूध गेले हे ठरवायचे, तर काटा अगदी काही ग्रॅमचा फरकही अचूक दाखवणारा लागतो. पुढे केंद्राला जागा मिळाली तरी घरभेटी आम्ही बंद केल्या नाहीत. आई कोणत्या खुर्चीत बसते, तिच्या पाठीला आधार आहे की नाही, डोळ्यांवर येणाऱ्या दिव्यामुळे बाळ डोळे मिटून घेते का, रात्री पाजायला कोण उठते, या गोष्टी केंद्रातल्या नीटनेटक्या खोलीत कळत नाहीत.

पहिल्या भेटीत पाजण्याची एक संपूर्ण वेळ आमच्यासमोर पार पडलीच पाहिजे, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला. पालक तोंडी सांगतात ते खरेच असते, पण बाळाचे शरीर जे दाखवते ते बहुधा त्यांच्या सांगण्यात आलेले नसते. या नियमामुळे पहिल्या भेटीसाठी दीड तास राखून ठेवावा लागतो आणि दिवसाकाठी मोजकीच बाळे पाहता येतात. हिशेब पाहणाऱ्यांना हे कधीच फारसे पटले नाही. त्यातच बाळ भुकेच्या ठरल्या वेळी गाढ झोपले तर ती भेट आम्ही धरत नाही आणि तिचे शुल्कही घेत नाही. झोपलेल्या बाळाला उठवून पाजले तर जे दिसेल त्यावरून काहीही ठरवणे बरोबर नव्हे.

त्या दीड तासात आम्ही काय पाहतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बाटलीने पिणारे बाळ पहिली काही मिनिटे छान लयीत ओढते. पोटात दूध जात असताना चोखण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला एक असा असतो. नुसतीच चोखणी चोखताना तो जवळजवळ दुप्पट होतो. थोड्या वेळाने बाळाच्या भुवया वर जातात, नाकपुड्या फुलतात, हाताची बोटे फाकतात आणि ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळू लागते. आईला वाटते की बाळाचे लक्ष उडाले, म्हणून ती बाटली थोडी हलवते. प्रत्यक्षात गिळताना श्वास क्षणभर थांबतो आणि दूध वेगाने येत राहिल्याने बाळाला श्वासासाठी उसंतच मिळत नसते. आम्ही बाळाला कुशीवर, डोके किंचित उंच राहील असे घ्यायला सांगतो, कमी प्रवाहाचे निपल लावतो आणि चार-पाच घोटांनंतर बाटली खाली कलती करून थांबायला सुचवतो. निपल तोंडातच राहते, दूध मात्र येत नाही. दोन-तीन श्वास घेऊन बाळ आपणहून पुन्हा ओढू लागते, तेव्हा आईचे खांदेही खाली आलेले असतात.

मात्र सगळेच प्रश्न तोंडाशी सुटत नाहीत. एकाच बाजूला नीट पिणारे आणि दुसऱ्या बाजूला घेतले की रडून ताठ होणारे बाळ आले, तर आम्ही आधी त्याची मान पाहतो. मानेचा एक स्नायू आखडलेला असेल तर दुसऱ्या बाजूला पिताना मान वळवणे त्याला त्रासाचे होते. असे बाळ झोपतानाही मान एकाच बाजूला ठेवते आणि डोके त्या बाजूने चपटे होऊ लागते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९९२ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची शिफारस केली आणि त्यानंतर तिथे झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण साधारण निम्म्यावर आले. ती शिफारस निर्विवाद आहे आणि आम्हीही तेच सांगतो. पण बाळ जागे असताना, कोणाच्या तरी नजरेखाली, त्याला पालथे ठेवण्याचे राहून जाते. आरंभी आईच्या छातीवर मिनिटभर आणि मग चटईवर हळूहळू वाढवत नेलेला हा वेळ मान, खांदे आणि पाठ घडवतो; पुढे टेकून बसायला, हाताने घास उचलायला आणि चावायला तीच ताकद लागते. पिणे, झोपणे, खेळणे आणि कडेवर घेणे यांचा विचार आम्ही एकत्र करतो तो याच कारणाने.

अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पालकांचा पहिला प्रश्न जिभेखालच्या पडद्याविषयी असतो. पडदा आखूड असून जीभ खरोखरच अडत असेल आणि आईला पाजताना असह्य वेदना होत असतील, तर तो कापण्याचा उपयोग होतो. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यानुसार या छोट्या शस्त्रक्रियेने आईच्या वेदना काही काळ कमी होतात. बाळाच्या स्तनपानावर मात्र तिचा सातत्याने चांगला परिणाम दिसलेला नाही. म्हणून पाजण्याची पद्धत, धरण्याची बैठक आणि मान हे सगळे पाहून झाल्यावरच आम्ही त्याविषयी मत देतो. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा असतो. या भूमिकेमुळे घाईत असलेली काही कुटुंबे दुसरीकडे गेली, त्याला आमचा इलाज नव्हता.

डॉक्टरांचा विश्वास मिळवायला वेळ लागला आणि तो जाहिरातीने मिळाला नाही. प्रत्येक बाळामागे आम्ही त्याच्या बालरोगतज्ज्ञांना एक पानी पत्र पाठवतो. काय पाहिले, किती दूध गेले, काय बदलले आणि कोणत्या गोष्टीची आम्हाला शंका वाटते, एवढेच त्यात असते. पिताना ओठ निळसर होणे, कपाळावर घाम येणे, छातीत वारंवार कफ भरणे किंवा वजन अडून राहणे दिसले, तर थेरपी पुढे ढकलून आम्ही त्याच दिवशी दूरध्वनी करतो. दूध ठसका न लागताही श्वासमार्गात जाऊ शकते आणि त्याची खात्री गिळण्याच्या क्ष-किरण तपासणीसारख्या खास तपासणीनेच होते. नुसते पाहून ते सांगता येते, असा दावा आम्ही करत नाही. बाटल्या, निपले किंवा पावडरचे दूध आम्ही विकतही नाही. या वस्तू विकून थोडी मिळकत झाली असती, पण आपण दिलेल्या सल्ल्यामागे नफा आहे अशी शंका पालकांच्या मनात एकदा आली की पुढचे काम अवघड होते.

वरच्या अन्नाचा भाग आम्ही मागाहून जोडला, तोही जुन्या कुटुंबांच्या आग्रहामुळे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर त्याच्या जोडीला इतर अन्न सुचवते. मान स्थिर आहे, आधाराने बसता येते आणि चमचा लागताच जीभ घास बाहेर ढकलत नाही, ही लक्षणे आम्ही पाहतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय जन्मतारखेऐवजी अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतो. सर्वांत जास्त भीती असते ती ओकारीची. या वयात ओकारी जिभेच्या पुढच्याच भागावर येते आणि वय वाढते तशी मागे सरकते, त्यामुळे आवाज करणारी, चेहरा लाल करणारी ओकारी ही बहुधा शिकण्याचाच भाग असते. खरा घास अडकला तर बाळाचा आवाज बंद होतो आणि तेव्हा तत्काळ प्रथमोपचार लागतात. हा फरक आम्ही आजी-आजोबांनाही समजावतो, कारण घरोघरी भरवणारे हात पुष्कळ असतात.

आज केंद्रात तीन थेरपिस्ट आहेत. नव्या सहकाऱ्याला पहिले काही महिने फक्त शेजारी बसून पाहायचे असते, बाळाला हात लावायचा नसतो. हे ऐकून काहीजण मुलाखतीतूनच परत गेले. आमच्या व्यवसायाची एक अडचण मात्र कायम आहे. काम नीट झाले की कुटुंब येणे थांबवते, आणि बहुतेकांचे काम मोजक्या भेटींतच संपते. म्हणून भेटींचे एकगठ्ठा शुल्क आगाऊ घ्यावे, असा सल्ला आम्हाला अनेकदा मिळाला. तो आम्ही स्वीकारलेला नाही. प्रत्येक भेटीच्या शेवटी पुढची भेट लागेल की नाही हे पालकांसोबत ठरते. येत्या वर्षी मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या पालकांसाठी, बाळ रुग्णालयातून घरी येण्याआधीच, एक तयारीचे सत्र सुरू करण्याचा आमचा विचार असून त्यासाठी दोन रुग्णालयांशी बोलणी चालू आहेत.