दुखण्याच्या घरातली पैशांची वही

जुलै, बुधवार. पावसाची झड.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं दुखणं बरं होणारं नाही हे एकदा कळलं की दोन वह्या घालाव्यात, एक औषधांची आणि एक पैशांची. पैशांची वही लिहिणारा एकच असावा, पण ती ठेवावी सगळ्यांच्या हाताला लागेल अशी. थोरल्याने किती घातले, मुंबईच्या ताईने किती पाठवले, हातउसने कोणाचे आणि फेडायचे कधी, सगळं त्यात यावं. "बापाच्या दुखण्यात कसला हिशेब?" असं म्हणणारे घरोघरी असतात. तोच न लिहिलेला हिशेब पुढे बाराव्याच्या दिवशी पंगत उठायच्या आत निघतो.

बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, गोवेकराचा औषधोपचार फार महाग पडत नाही. पैसा सुटतो तो तिथल्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटल्यानंतर. घरी नेणं म्हणजे माणूस टाकणं असं कोणालातरी वाटतं, मग खाजगी हॉस्पिटल आणि आयसीयू. तिथे सही करण्यापूर्वी डॉक्टरांना सरळ विचारावं: याने दिवस किती वाढतील, आणि ते दिवस नळ्यांमध्ये जातील की घरच्यांशी बोलण्यात? नीट विचारलं तर बहुतेक डॉक्टर सांगतात. आपणच विचारत नाही.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर वर्षाला तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत मिळतात. पण ते ठरलेल्या पॅकेजांपुरते. आपला उपचार यादीत आहे का आणि मंजुरी आली का, हे दाखल होण्याआधीच काउंटरवर विचारून घ्यायचं. कार्डाची मुदतही तेव्हाच पाहायची.

खाजगी विमा असेल तर खोलीचं भाडं बघावं. विमा ३ लाखांचा आणि खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. घेतली ६,००० ची खोली, तर कंपनी फक्त भाडंच अर्धं करत नाही. सर्जनची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर हेही त्याच प्रमाणात कापते. औषधं सहसा त्यातून सुटतात. एसी खोलीचा हा हट्ट लाखभर रुपयांना पडू शकतो, आणि तो बहुधा भेटायला येणाऱ्यांसाठी असतो.

रात्री.

घरी ठेवायचं तर वेदना आटोक्यात हव्यात. मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत, पण प्रत्येक फार्मसीत मिळत नाहीत. कुठे मिळतील ते डॉक्टरांकडूनच लिहून आणावं. साधी गोळी (हळूहळू विरघळणारी नव्हे) दर चार तासांनी द्यायची, घड्याळ लावून. "दुखलं की देऊ" केलं की कळ चढते आणि मग जास्त डोस लागतो. पहिल्याच दिवसापासून सोबत रेचक हवं, कारण मळमळ चार-पाच दिवसांत ओसरते पण बद्धकोष्ठ ओसरत नाही. अर्ध्याअधिक घरांत हेच विसरतं, आणि पोट फुगलं म्हणून रात्री दोन वाजता माणसाला गाडीत घालावं लागतं. गोळी मनानेच एकदम बंदही करू नये.

ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं तरी या पावसात वीज जाणार हे धरूनच चालायचं. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट ओढतं. घरातला लहान इन्व्हर्टर त्यावर फार वेळ टिकत नाही. म्हणून सोबत बी टाइप सिलिंडर ठेवावा. त्यात १,५०० लिटर असतात, मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. सिलिंडरची चावी त्यालाच दोरीने बांधून ठेवा. अंधारात तीच सापडत नाही.

पैसे कमी पडले तर आधी सोनं तारण, मग पतसंस्था. सावकार नकोच. जामीनदार म्हणून सही करणाऱ्याने समजून करावी: वडिलांचं कर्ज त्यांच्या मागे त्यांच्या मालमत्तेतून वसूल होतं, जामीनदाराचं मात्र त्याच्या खिशातून. भाट (माडांची बाग) किंवा घर विकायला काढण्याची घाई करू नये. आपल्या गोव्याच्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर अर्धी मालमत्ता आईची असते. तिच्या सहीशिवाय व्यवहार होत नाही, आणि खाटेवरच्या माणसाचा घाईने घेतलेला अंगठा पुढे कोर्टात टिकेलच असं नाही. घाईत विकणाऱ्याला भावही पडूनच मिळतो, हे दलालाला आपल्याआधी कळतं.

बँकेचं खातं मात्र आईसोबत संयुक्त करून घ्यावं, वडील शुद्धीवर असतानाच. नंतर त्यांच्या एटीएम कार्डाने पैसे काढणं म्हणजे भावंडांत संशयाचं बी.

आणखी एक, जे कोणी आधी बोलत नाही. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांनी कारणाचा फॉर्म ४ए भरून द्यावा लागतो. रोज येणारा डॉक्टर तो देईल का, हे आधीच विचारून ठेवावं. रविवारी पहाटे अनोळखी डॉक्टर सही करायला कचरतो. नोंदणी पंचायतीत किंवा पालिकेत २१ दिवसांच्या आत करायची. दाखल्याच्या दहा प्रती काढाव्यात: बँक, विमा, पेन्शन, वारसा, सगळीकडे एकेक लागते.