तुम्ही विचारलंत म्हणून: त्रूफकॉल म्हणजे मेंढीकोटच ना?

त्रूफकॉल हा सुरिनामचा, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीचा, पत्त्यांचा खेळ. नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाने सुरिनामी लोकांना तो खेळताना पाहिलं की तो हे विचारतोच. खरं तर विचारत नाही, निकाल देऊन टाकतो. तेव्हा एकदाचं लिहून ठेवतो.

वाटप सारखं आहे, मान्य. चौघं, भिडू समोरासमोर, ५२ पानं, आधी पाच-पाच, मग दोनदा चार-चार. पण मेंढीकोटाचा जीव चार दश्श्यांत. त्या दोन-दोन वाटल्या गेल्या तरच हात मोजायचे. त्रूफकॉलमध्ये दश्शी म्हणजे गुलामाखालचं पान, बस्स. १३ हात, सगळे एकाच भावाचे. जी जोडी आधी ७ करेल तिचा डाव. बरोबरी होऊच शकत नाही.

आणि हुकूम? आपल्याकडे बहुतेक घरांत कट हुकूम: ज्याच्याकडे उतारीचा रंग नसतो, तो टाकेल तो हुकूम. म्हणजे खेळ सुरू झाल्यावर, बरंच काही दिसल्यावर. त्रूफकॉलमध्ये एकाने फक्त पहिली पाच पानं बघून हुकूम बोलायचा. त्याची उरलेली आठ अजून वाटणाऱ्याच्या हातात. भिडूला विचारायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही.

हा क्षण लोकांना किरकोळ वाटतो, म्हणून थोडं सविस्तर. पाच पानांत एखाद्या रंगाची निदान दोन पानं येतातच, कारण रंग चारच. पण तीन किंवा जास्त येणं? शंभरातून ३७ वेळा. म्हणजे बहुतेक वेळा दोन पानांच्या जिवावर बोलावं लागतं.

समजा हातात आलं: किल्वर एक्का-दुर्री, बदाम राजा-दश्शी, चौकट नव्वी. इस्पिक एकही नाही. नवखा एक्का बघून ‘किल्वर’ म्हणतो. पण किल्वरचा एक्का हुकूम नसतानाही पहिल्या फेरीत बहुधा हात करतोच. त्याला हुकूम करून मिळवलं काय? उलट बदाम बोललात तर राजाच्या डोक्यावर एकच पान उरतं आणि किल्वरचा एक्का आपलं काम वेगळं करतो. रंग कुठलाही बोला, आणखी आठ पानं आल्यावर तुमच्याकडे त्याची सरासरी चारच्या आसपास असणार आणि बाकी तिघांकडे तीन-तीन. इस्पिक नाही म्हणून आत्ताच खूश होऊ नका. उरलेल्या आठांत एकही इस्पिक न येणं शंभरातून सहा वेळाच घडतं, तेव्हा इस्पिकवर हुकूम मारायची स्वप्नं पुढे ढकला.

एके काळी मी नवख्यांना छातीठोकपणे ‘बदामच’ सांगायचो. आता आवाज खाली आलाय. बदामचा एक्का आणि राणी एकाच प्रतिस्पर्ध्याकडे निघाली की राजाची फरफट होते. किल्वर बोलला असता तर निदान हुकमाचा एक्का हातात, हवा तेव्हा हुकूम खेचता येतो. जुना मी यावर म्हणेल, हुकूम खेचताना भिडूचेही जातात, त्याने कापायचं कशाने? त्याचंही खरं आहे. वाद तिथेच आहे.

दुसरा प्रश्न लगेच येतो: ‘म्हणजे आपल्याकडूनच गेला ना?’ कोर्ट पीस किंवा रंग म्हणून उत्तर भारतात आणि पाकिस्तानात, होक्म म्हणून इराणमध्ये, हाच ५-४-४ आणि सात हातांचा खेळ आहे. १८७३ ते १९१६ या काळात कलकत्त्याहून सुमारे ३४ हजार गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, सुरिनामला गेले, हेही खरं. पण मालकी सांगायची घाई कशाला? तिथे तो क्रेओल (आफ्रिकी वंशाचे), जावानी (जावा बेटावरून आलेले), हिंदुस्थानी सगळ्यांचा आहे. क्लब आहेत, जोड्या ठरलेल्या आहेत, समुद्रापलीकडे नेदरलँड्समध्येही स्पर्धा होतात. घरची भाषा एकाची सरनामी (तिथल्या हिंदुस्थान्यांची), दुसऱ्याची जावानी, तिसऱ्याची स्रानान (क्रेओलांची). टेबलावर चार रंगांची नावं आणि सातपर्यंतची मोजणी पुरते. मात्र ठरलेला भिडू लागतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकवावा लागतो. गोतावळा जमतो तो त्यामुळे, निव्वळ पत्त्यांमुळे नाही.

भांडणं कशावरून होतात? रंग असून न देण्यावरून. म्हणून खेळलेले हात चार-चारच्या वेगळ्या गड्ड्या करून ठेवायचे, मिसळायचे नाहीत, म्हणजे मागे जाऊन तपासता येतं. हुकूम बोलायच्या आत सहावं पान कोणी पाहिलं, तर पुन्हा पिसून वाटलेलं बरं. सहा-सहा झाले की शेवटच्या हाताला कोणता हुकूम बाहेर आहे, हे ज्याने मोजलं नाही त्याने निदान गप्प बसावं.

तर मेंढीकोट येतो म्हणून हेही येईल का? पत्ते वाटता येतील. पहिल्याच डावात तुम्ही दश्शी वाचवायला हुकमाचा एक्का खर्च कराल, आणि समोरचा भिडू डचमध्ये काहीतरी पुटपुटेल.